डॉ. किंग यांचा शेवटचा लढा

मार्टिन ल्यूथर किंग म्हटले, की १९६३ सालची वॉशिंग्टनची अफाट सभा डोळ्यांसमोर येते. गांधीजींच्या मार्गाने वर्णभेदाविरुद्ध लढलेला हा नेता आपल्या घरोघरी ठाऊक आहे. पण ज्या मेम्फिस शहरात त्यांना गोळी लागली, तिथे ते कशासाठी गेले होते, याची चर्चा क्वचितच होते. ते गेले होते नगरपालिकेच्या सफाई कामगारांसाठी!

किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी अटलांटा येथे झाला. वडील धर्मोपदेशक, मुलानेही तोच वसा घेतला. १९५५ साली माँटगोमेरीत काळ्या प्रवाशांनी बसवर बहिष्कार टाकला. ३८१ दिवस चाललेल्या या आंदोलनाने सव्विशीतल्या किंगना देशाचा नेता केले. १९५९ साली ते पत्नी कोरेटासह भारतात आले. मुंबईत त्यांनी मुक्काम केला तो मणिभवनात, जिथे कधी काळी गांधीजी राहत असत. १९६४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी नागरी हक्कांचा आणि पुढच्या वर्षी मतदानाचा कायदा झाला. पण हक्क कागदावर आला तरी पोटाचा प्रश्न सुटत नाही, हे किंग ओळखून होते. १९६८ साली ते सर्व वर्णांच्या गरिबांची मोहीम उभी करण्यात गुंतले होते.

त्याच वर्षी १ फेब्रुवारीला मेम्फिसमध्ये मुसळधार पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे कामगार आडोशासाठी कचऱ्याच्या ट्रकच्या मागच्या भागात शिरले. ट्रक जुनाट होता. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही त्यात चिरडले गेले. या गाड्या धोक्याच्या आहेत, अशी तक्रार कामगारांनी आधीच केली होती. पण ती ऐकतो कोण? हे कामगार तासांच्या हिशेबावर राबणारे. गळक्या टोपल्या डोक्यावर वाहायच्या आणि अंगावर ओघळणारी घाण तशीच घेऊन घरी जायचे. कामावर मृत्यू आला तर भरपाईचा हक्क नाही. दोन्ही कुटुंबांच्या हाती पडला एक महिन्याचा पगार आणि अंत्यसंस्कारासाठी ५०० डॉलर.

१२ फेब्रुवारीला सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. महापौर हेन्री लोब यांनी संप बेकायदा ठरवला. पोलिसांनी मोर्चावर डोळ्यांची आग करणारा वायू फवारला. कामगारांच्या गळ्यातल्या फलकांवर एकच मजकूर होता: आपणही माणूसच आहोत.

संपाच्या पाठीशी उभे राहिलेले धर्मोपदेशक जेम्स लॉसन यांनी किंगना बोलावले. या लॉसन यांचे आपल्याशी जवळचे नाते आहे. १९५०च्या दशकात ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि तिथेच त्यांनी सत्याग्रहाचा अभ्यास केला होता.

तुमच्या हातात आधीच मोठी मोहीम आहे, या लहान भांडणात पडू नका, असे सहकारी सांगत होते. पण किंगना हे भांडण लहान वाटले नाही. १८ मार्चला त्यांनी हजारोंच्या सभेत भाषण केले. २८ मार्चच्या मोर्चात मात्र दगडफेक आणि लुटालूट झाली, सोळा वर्षांचा एक मुलगा पोलिसांच्या गोळीने मेला. किंग फार व्यथित झाले. शांततेचा मोर्चा काढून दाखवण्यासाठी ते परत आले. ३ एप्रिलच्या वादळी रात्री ते थकलेले असूनही बोलले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी घातली गेली. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे ३९ वर्षे.

८ एप्रिलला कोरेटा किंग यांनी हजारोंचा मूक मोर्चा नेला. १६ एप्रिलला तडजोड झाली. संघटनेला मान्यता मिळाली, पगारही वाढला.

१९७० साली अमेरिकेत कामाच्या जागी सुरक्षेचा मोठा कायदा झाला. पण राज्य सरकारे आणि नगरपालिका यांचे कर्मचारी त्यातून वगळले गेले! ज्या राज्यांनी स्वतःची मान्यताप्राप्त योजना केली, तिथेच त्यांना हे संरक्षण मिळते. मेम्फिस ज्या राज्यात आहे, त्या टेनेसीने पुढे अशी योजना केली. टेक्सास, फ्लोरिडासारख्या मोठ्या राज्यांत मात्र ती आजही नाही. सरकारच मालक असले, की कायद्याचा हात असा आखडता होतो.

आपणही फार दूर नाही. गटारात उतरून मृत्यू आल्यास वारसांना ३० लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला. भरपाई मिळायलाच हवी; पण ती मिळते माणूस गेल्यावर. कोल आणि वॉकर यांना हवी होती ती धड चालणारी गाडी आणि पावसात उभे राहायला एक छप्पर. एवढ्याच साध्या मागणीसाठी उभ्या राहिलेल्या लढ्यात डॉ. किंग यांचे आयुष्य संपले. सकाळी दारातला कचरा उचलून नेणाऱ्या माणसाच्या हातात मोजे आहेत का, पायात बूट आहेत का, एवढे तरी आपण पाहायला हरकत नाही.