ना कोचचं पद, ना मॅनेजरचं, तरी नागपूरच्या सी. के. नायडूंनी होळकरांची टीम आठ वेळा रणजी फायनलला नेली

१ जानेवारी २०१८. इंदूरचं होळकर स्टेडियम. विदर्भाने दिल्लीला ९ विकेट्सनी हरवलं आणि पहिल्यांदाच रणजी ट्रॉफी नागपूरला आली. कॅप्टन फैझ फझलची जेवढी चर्चा झाली, तेवढीच कोच चंद्रकांत पंडित यांचीही झाली. शिस्तीचा माणूस, कडक माणूस, टीम उभी करणारा माणूस.

आज रणजीची कुठलीही टीम बघा. हेड कोच, बॉलिंग कोच, फिल्डिंग कोच, ट्रेनर, फिजिओ, व्हिडिओ अनॅलिस्ट आणि वर मॅनेजर. कोणी काय करायचं हे ठरलेलं असतं.

पण याच इंदूरमध्ये पाऊणशे वर्षांपूर्वी यातली बहुतेक कामं एकटा माणूस करत होता. तोही नागपूरचाच. कागदावर तो फक्त कॅप्टन होता.

ते होते कर्नल सी. के. नायडू.

पूर्ण नाव कोट्टारी कनकैया नायडू. जन्म ३१ ऑक्टोबर १८९५, नागपूर. घर तेलुगू, पण शाळा, मैदान आणि दोस्त सगळं नागपूरचं. १९१६ साली ते मुंबईत हिंदू टीमकडून युरोपियन्सविरुद्ध पहिली फर्स्ट क्लास मॅच खेळले. टीमचे ७९ रन्सवर ७ गडी बाद झाले होते. पठ्ठ्याने पहिले तीन बॉल रोखले आणि चौथ्यावर सिक्स मारला.

१९२३ मध्ये इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना बोलावून घेतलं आणि आपल्या फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. त्या काळात क्रिकेट खेळून पोट भरायचं तर मार्ग हाच होता. पगार दरबाराचा आणि काम मैदानावर. कर्नल ही पदवीही पुढे या फौजेतूनच आली.

१९२६ च्या डिसेंबरमध्ये आर्थर गिलिगनची एमसीसी टीम मुंबईत आली. बॉम्बे जिमखान्यावर सीकेंनी दोन तासांच्या आत १५३ रन्स ठोकले, त्यात ११ सिक्स आणि १३ फोर. भारताची टीम टेस्ट खेळू शकते हे इंग्लंडवाल्यांना पटवण्यात या इनिंगचा मोठा वाटा मानला जातो. दोन वर्षांनी, डिसेंबर १९२८ मध्ये, बीसीसीआयची स्थापना झाली.

इथून खरा विषय सुरू होतो. टीम तर झाली, पण ती चालवणार कोण?

त्या काळचं उत्तर सोपं होतं. ज्याच्याकडे संस्थान, तो कॅप्टन. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी पोरबंदरचे महाराज कॅप्टन झाले आणि लिंबडीचे घनश्यामसिंहजी व्हाइस कॅप्टन. सीके तिसऱ्या नंबरवर. पण पोरबंदरच्या महाराजांना आपल्या खेळाची मर्यादा माहीत होती. ते टेस्टमधून स्वतःहून बाजूला झाले. लिंबडीकर जखमी होते. अशा रीतीने २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारताचे पहिले टेस्ट कॅप्टन म्हणून सीके उतरले. फिल्डिंग करताना हाताला लागलं, तरी पहिल्या इनिंगमध्ये टीमचे सर्वाधिक ४० रन्स त्यांचेच होते. मॅच १५८ रन्सनी गेली. पण त्या दौऱ्यातल्या कामगिरीवर पुढच्या वर्षी विस्डेनने त्यांना पाच सर्वोत्तम क्रिकेटर्समध्ये घेतलं.

पोरबंदरच्या महाराजांना इतिहासात फारसं कोणी विचारत नाही. माझ्या मते त्या दौऱ्यातला सगळ्यात शहाणा निर्णय त्यांचाच होता.

कारण चार वर्षांनी नेमकं उलटं घडलं. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर कॅप्टन झाले विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी. मॅनेजर होते मेजर ब्रिटन-जोन्स. मधल्या काळात जार्डिनच्या टीमविरुद्ध तीन टेस्टमध्ये कॅप्टन राहिलेले सीके आता विझींच्या हाताखाली. विझी तिन्ही टेस्ट खेळले आणि सहा इनिंगमध्ये मिळून त्यांनी ३३ रन्स केले. टीममध्ये गट पडले. मॅनेजरने खेळाडूंच्या बाजूने उभं राहायचं असतं, इथे कॅप्टन आणि मॅनेजर एक होऊन खेळाडूंवर तुटून पडले. लाला अमरनाथना पहिल्या टेस्टच्या आधीच बोटीत बसवून घरी पाठवलं. बाका जिलानीबद्दल तर असं सांगतात की त्याने नाश्त्याच्या टेबलावर सीकेंचा अपमान केला आणि बक्षीस म्हणून त्याला ओव्हलवर टेस्ट कॅप मिळाली.

त्याच ओव्हल टेस्टमध्ये गबी ॲलनचा बॉल अंगावर खाऊन सीकेंनी ८१ रन्स काढले. ती त्यांची शेवटची टेस्ट. भारताने सिरीज २-० ने गमावली. नंतर बसलेल्या ब्युमाँट समितीने विझींच्या नेतृत्वावर ठपका ठेवला आणि अमरनाथना निर्दोष ठरवलं. सीके या दौऱ्यात टीमपासून अलिप्त राहिले, अशी टीका त्यांच्यावरही झाली. आणि ती अगदीच चुकीची होती असं म्हणता येत नाही. अपमान गिळून हाताखाली काम करणं हा त्यांचा स्वभावच नव्हता.

हा माणूस कामाचा तेव्हाच, जेव्हा सूत्रं त्याच्या हातात असतील. इंदूरने त्यांना ती दिली.

होळकर नावाची टीम १९४१-४२ पासून रणजीत उतरू लागली. यशवंतराव होळकर महाराजांनी विझींसारखा हट्ट धरला नाही. पैसा आणि नोकऱ्या दरबाराच्या, टीम सीकेंची. मुश्ताक अलीला सीकेंनी इंदूरमध्ये पोरवयातच हेरलं होतं. बॉलर म्हणून टेस्टमध्ये आलेल्या याच मुश्ताकने पुढे ओपनर म्हणून १९३६ ला मँचेस्टरमध्ये शतक ठोकलं, परदेशातलं भारताचं पहिलं टेस्ट शतक. भाऊ सी. एस. नायडू लेग स्पिनर. त्यांच्या जोडीला चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, कमल भांडारकर. नावं वाचली तर ही टीम माळव्याची आहे की महाराष्ट्राची, असा प्रश्न पडावा.

शिस्त म्हणाल तर फौजेचीच. फिटनेस हवा, वेळेवर यायचं, बॉल लागला तरी जागा चोळत बसायचं नाही. सीके स्वतः तसेच. रणजी फायनलमध्ये दत्तू फडकरांचा बॉल तोंडावर बसून त्यांचे दोन दात पडले, तर दात बाजूला सारून ते पुढच्या बॉलला तयार झाले, हा किस्सा आजही सांगितला जातो. खेळाडू त्यांचा आदर करायचे आणि त्यांना घाबरायचेही. आजच्या ड्रेसिंग रूममध्ये हे चाललं असतं का, याबद्दल मला शंका आहे.

पण रिझल्ट बघा. १९४४-४५ च्या फायनलला होळकरांकडून खेळायला युद्धामुळे भारतात असलेला डेनिस कॉम्प्टन आला आणि नाबाद २४९ मारून गेला. सी. एस. नायडूंनी त्या एका मॅचमध्ये तब्बल ९१७ बॉल टाकले. तरी मुंबईने ३७४ रन्सनी हरवलं. पुढच्याच सीझनला होळकरांनी म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ वर डाव सोडला. एका इनिंगमध्ये सहा शतकं आणि त्यातलं एक कॅप्टनचं. मग फायनलला बडोदा. पन्नाशी पूर्ण केलेल्या सीकेंनी २०० रन्स काढले आणि ट्रॉफी इंदूरला आली.

१९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ सीझनमध्ये सीकेंच्या होळकरांनी आठ फायनल खेळल्या आणि चार जिंकल्या. शेवटची जिंकली तेव्हा कॅप्टन ५७ वर्षांचे होते.

पण या सेटअपमध्ये एक कच्चा दुवा होता. सगळं दोन खांबांवर उभं होतं, एक सीके आणि दुसरा दरबार. १९४८ ला संस्थान मध्य भारतात विलीन झालं. सीके गेल्यावर टीमने आणखी दोन फायनल खेळल्या, दोन्ही हरल्या आणि १९५४-५५ नंतर होळकर हे नावच रणजीतून पुसलं गेलं. पुढे त्या भागाची टीम मध्य प्रदेश म्हणून खेळू लागली. त्यांना रणजी जिंकायला २०२२ साल उजाडलं. तेव्हा कोच होते तेच चंद्रकांत पंडित.

सीके मात्र थांबले नव्हते. १९५३-५४ ला ते आंध्रचे कॅप्टन झाले. १९५६ मध्ये पद्मभूषण मिळालं, हा मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटर. आणि १९५६-५७ ला उत्तर प्रदेशने त्यांना कॅप्टन म्हणून नेलं. वय वर्षं ६१. राजस्थानविरुद्ध विनू मांकडला सिक्स मारत त्यांनी ८४ रन्स केले. मधल्या काळात ते निवड समितीचे अध्यक्ष झाले, बीसीसीआयचे उपाध्यक्षही झाले. म्हणजे खुर्च्या शेवटी मिळाल्याच.

१९६३-६४ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल विरुद्ध मुख्यमंत्री अशी एक मदतनिधीची मॅच झाली. त्यातही सीके पॅड बांधून उतरले. तेव्हा ते ६८ वर्षांचे होते. १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदूरमध्ये त्यांचं निधन झालं.