मेळ्याला शब्द देणारे आबा

२७ फेब्रुवारी हा दिवस नाशिककरांना सांगावा लागत नाही. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. शाळांतून कवितावाचने होतात, ग्रंथदिंडी निघते. पण दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, याच गावातल्या आणखी एका कवीची पुण्यतिथी असते. त्यांचे नाव गोविंद त्र्यंबक दरेकर. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ते 'स्वातंत्र्यकवी गोविंद' म्हणून ओळखले जातात आणि तिळभांडेश्वर गल्लीत ते नुसते 'आबा' होते.

गेल्या शतकाच्या अगदी आरंभी नाशकात गणेशोत्सवातले मेळे रंगले, त्या मेळ्यांमागचा हा माणूस. ज्याला स्वतःच्या पायावर कधी उभे राहता आले नाही, त्याच्या शब्दांवर गावातल्या पोरांची पावले पडत होती. आज नवी नाटके, नवी नृत्ये आणि लहानथोरांचे महोत्सव यांची चर्चा घरोघर होत असते. तेव्हा शंभरावर वर्षांपूर्वीच्या या माणसाची आणि त्याच्या मेळ्याची आठवण करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

गोविंदांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७४ चा. घर गरीब, कष्ट करून पोट भरणारे. शिक्षण म्हणाल तर मराठी शाळेच्या पहिल्या काही इयत्ता, तेवढेच. त्यात लहानपणी मोठा ताप आला आणि त्या दुखण्याने दोन्ही पाय लुळे पडले. त्या काळात अशा मुलाच्या वाट्याला काय यायचे, हे वेगळे सांगायला नको. उपचार नाहीत, कुबड्या-चाकाची खुर्ची नाही, नोकरीधंद्याचा प्रश्नच नाही. घराचा उंबरठा हीच जगाची वेस. लोकांनीही त्यांच्या नावाला त्यांचे व्यंगच चिकटवले होते. 'आबा पांगळे' असेच त्यांना म्हणत.

पण या मुलाचा कान तयार होता. पोवाडे, लावण्या, भजने, कीर्तने, तमाशातली कवने हे सगळे त्या काळी गल्लीबोळांतून सहज कानावर पडायचे. पंचवटीतल्या देवळांतून कथाकीर्तनाला खंड नसायचा. शाळेने जे दिले नाही ते आबांनी कानाने मिळवले. चाल पकडायची, तिच्यात शब्द बसवायचे, यमक अचूक साधायचे, ही विद्या त्यांना आपसूक आली. सुरुवातीला ते लावण्या रचत. शृंगारिक रचना करणारा गल्लीतला हौशी शीघ्रकवी, एवढीच त्यांची ओळख राहिली असती.

१८९९ साल उजाडले आणि नाशिक परिसरात प्लेगने थैमान घातले. भगूरच्या सावरकर कुटुंबातले कर्ते, दामोदरपंत, त्या साथीत गेले. मुले नाशकात आली आणि तिळभांडेश्वर गल्लीत राहू लागली. थोरले गणेश, म्हणजे बाबाराव, त्यांच्या पत्नी येसूवहिनी, मधले विनायक आणि धाकटे नारायण. विनायकराव तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे, तर आबा पंचविशीतले. वयात नऊ वर्षांचे अंतर, पण कवितेच्या वेडाने दोघांना जवळ आणले. १ जानेवारी १९०० रोजी 'मित्रमेळा' ही संघटना उभी राहिली आणि तिच्या बैठका आबांच्याच छोट्या खोलीत भरू लागल्या. ज्याला बाहेर जाता येत नव्हते, त्याच्या घरी गावातली तरुण मंडळी आपल्या पायांनी येऊ लागली. इतिहासाची पुस्तके वाचली जाऊ लागली, वादविवाद होऊ लागले. ते सारे ऐकता ऐकता आबांच्या लावणीचा सूर बदलला. चाली त्याच राहिल्या, विषय मात्र पालटला.

आता मेळा म्हणजे नेमके काय, हे आजच्या मुलांना सांगायला हवे. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १८९३-९४ पासून गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि त्याबरोबर मेळ्यांची प्रथा महाराष्ट्रभर पसरली. आठ-दहा वर्षांपासून पंधरा-सोळा वर्षांपर्यंतची मुले, सगळ्यांचा एकसारखा पोशाख, हातात टिपऱ्या नाहीतर लेझीम. एकाने पद उचलायचे, बाकीच्यांनी धरायचे. मध्ये संवाद, एखादा छोटा नाट्यप्रवेश, मग पुन्हा रिंगण धरून नाच. ना रंगमंच, ना पडदा, ना तिकीट. एका गणपतीपुढून दुसऱ्या गणपतीपुढे मेळा जायचा. ओट्यावर म्हातारे, माडीच्या खिडकीत लेकीसुना, पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली चिल्लीपिल्ली. एकाच खेळाला तीन पिढ्या हजर.

मेळ्याचा एक अलिखित नियम असे. गेल्या वर्षीची पदे यंदा चालायची नाहीत. दरवर्षी नवे हवे. जुनी पदे घेऊन आलेल्या मेळ्याकडे लोक पाठ फिरवत. त्यामुळे आषाढ लागला की पदकर्त्यांच्या दाराशी मंडळींचे खेटे सुरू व्हायचे. पदकर्त्याने पदे लिहायची, चाल सांगायची, कोणत्या कडव्याला मुलांनी कसे फिरायचे, कुठे थांबायचे हेही डोळ्यांपुढे आणायचे. नाटककार, संगीतकार आणि नृत्यदिग्दर्शक अशी तिन्ही कामे एकाच माणसाकडे. मित्रमेळ्याच्या मेळ्यात हा भार प्रामुख्याने आबांनी उचलला. अफझलखानाच्या वधाचा पोवाडा, शिवाजीमहाराज आणि मावळे यांच्यातला संवाद असे विषय त्यांनी घेतले. सावरकरांनीही सिंहगडाचा आणि बाजीप्रभूंचा पोवाडा रचला. मुले ते नुसते म्हणत नसत, तर सोंगे घेऊन उभे करीत. इतिहासातली माणसे गल्लीत उतरायची आणि बघणाऱ्यांना कळायचे, की बोलणे शिवकाळाचे असले तरी रोख आजवर आहे.

मेळ्यांचे सगळेच गोमटे होते असे मात्र नाही. आरंभीच्या काळात अनेक ठिकाणच्या मेळ्यांतून मोहरमच्या ताबुतांत सामील होणाऱ्या हिंदूंना टोचणारी पदे म्हटली जात, त्यातून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत तेढ वाढे. पुढे १९२०च्या दशकात ब्राह्मण-ब्राह्मणेतर वादाचे पडसादही मेळ्यांतून उमटले. शब्द आणि ताल एकत्र आले की त्यांची धार वाढते. ती कोणावर चालवायची हे चालवणाऱ्याच्या विवेकावर असते. आबांच्या पदांचा मुख्य रोख परकी सत्तेकडे होता आणि म्हणूनच ती पदे सत्तेला सलू लागली.

विनायकराव १९०२ मध्ये शिकायला पुण्याला गेले, १९०४ मध्ये मित्रमेळ्याची 'अभिनव भारत' झाली आणि १९०६ मध्ये सावरकर विलायतेला निघाले. नाशकात मागे राहिले बाबाराव आणि आबा. गणेशोत्सव येत होते, मेळे निघत होते, पदे तोंडोतोंडी पसरत होती. गाण्याला पकडता येत नाही, पण छापलेला कागद पकडता येतो. बाबारावांनी आबांच्या पदांची एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यातल्या एका पदात, लढाई केल्यावाचून स्वातंत्र्य कोणाला लाभले आहे काय, असा प्रश्न जगाच्या इतिहासातले दाखले देऊन विचारलेला होता. १९०९ मध्ये बाबारावांना अटक झाली. राजाविरुद्ध युद्ध पुकारण्यास चिथावणी दिल्याचा आरोप ठेवला गेला आणि ८ जून १९०९ रोजी नाशिकच्या न्यायालयाने शिक्षा फर्मावली. जन्मठेप, काळे पाणी आणि मालमत्तेची जप्ती.

पोरांनी गणपतीपुढे म्हणायची पदे आणि त्यांपायी जन्मठेप! शिवाय पदे लिहिली आबांनी आणि अंदमानात गेले बाबाराव. आपण लिहिलेल्या ओळींसाठी आपला मित्र कोलू ओढतो आहे, हे ओझे घेऊन गोविंदांना पुढची वर्षे काढावी लागली. बाबाराव सुटून आले ते १९२२ मध्ये. येसूवहिनी त्याआधीच, १९१९ मध्ये, नवऱ्याची वाट पाहता पाहता गेल्या होत्या. ज्या गल्लीत मुलांच्या तालमींचा गलका असायचा, त्या गल्लीतली ही शांतता आबांनी जवळून पाहिली.

शिक्षेचे पडसाद नाशकातच उमटले, आणि तेही एका नाट्यगृहात. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. बदली झालेले जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्या निरोपाचे निमित्त होते. तिथे अनंत कान्हेरे या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. दैवदुर्विलास असा, की जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार होते. या भागातल्या लोककथांची, लोकरूढींची टिपणे त्यांनी जमवली होती आणि ती त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाली. लोकांची गाणी-गोष्टी जपून ठेवणारा अधिकारी आणि लोकांची नवी गाणी रचणारा कवी एकाच गावात काही काळ राहिले. पण सत्ता आणि पारतंत्र्य यांची भिंत मध्ये होती. त्या दिवसांतल्या मार्गांविषयी आजही मतभेद आहेत आणि ते असणारच. मात्र त्या धगीत किती घरे होरपळली, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही.

त्यानंतर मेळ्यांवर सरकारची करडी नजर बसली. पदे आधी तपासली जाऊ लागली, कित्येकांवर बंदी आली. गोविंदांचे पोवाडेही जप्तीच्या यादीत गेले. कागद जप्त झाले तरी पाठ झालेली पदे जप्त करता येत नाहीत. मेळ्यात नाचलेली मुले मोठी होत होती आणि लहानपणी पाठ केलेले मनात राहतच असते.

गोविंद लिहीत राहिले. टिळकांवरची भूपाळी, कृष्णाच्या मुरलीवरची रचना अशा कवितांनी त्यांना नाशिकबाहेरही वाचक मिळवून दिले. त्यांची शब्दकळा जुन्या शाहिरांची, ठसकेबाज, छंद घोटीव. इंग्रजी शिक्षण न घेतलेला माणूस इटली, अमेरिका, ग्रीस यांचे दाखले सफाईने देतो, तेव्हा त्या छोट्या खोलीतल्या बैठकांनी काय पेरले ते ध्यानात येते.

अखेरच्या दुखण्यात त्यांनी मरणावर एक कविता रचली. तीत रडगाणे नाही. जन्मभर जे शरीर अडसर झाले, ते टाकून आपण आता सुंदर होणार, असा आनंदाचा भाव तीत आहे. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांना नाचवत बसला, तो आपल्या निघण्याची तयारी एखाद्या सणाला निघाल्यासारखी करतो, हे वाचताना गळा दाटून येतो. २८ फेब्रुवारी १९२६ रोजी वयाच्या ५२व्या वर्षी ते गेले. पुढे १९५८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी एका संस्थानिकाच्या अपंग, कवी मनाच्या मुलीची कथा रंगभूमीवर आणली आणि नाटकाला नाव दिले 'सुंदर मी होणार'. नाटकाचा मूळ धागा विलायती होता, नाव मात्र नाशिकच्या आबांच्या कवितेतून आले होते. मेळ्याच्या कवीला अखेर मोठ्या रंगभूमीनेही आपलेसे केले.

मेळे स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे टिकले. पुढे नाटक-सिनेमात नाव काढलेल्या कित्येकांनी तोंडाला पहिला रंग मेळ्यातच लावला. मग वाद्यवृंद आले, ध्वनिक्षेपकावर तयार गाणी आली आणि मेळा मागे पडला. त्याची जागा अगदीच रिकामी राहिली असे नाही. १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा होऊ लागली, पुढे बालनाट्याच्या स्पर्धा आल्या. नाशकात कालिदास कलामंदिरात, सार्वजनिक वाचनालयाच्या सायखेडकर नाट्यगृहात हौशी मंडळी नवी संहिता घेऊन उभी राहिली. वसंत कानेटकर आणि कुसुमाग्रज यांच्या नाटकांनी या गावाचा लौकिक वाढवला.

तरीही मेळ्यातली एक गोष्ट निसटली आहे. तिथे बघणारे आणि करणारे वेगळे नव्हते. यंदा ओट्यावर बसलेला मुलगा पुढच्या वर्षी रिंगणात असे, आणि दरवर्षी गल्लीला आपल्यासाठी कोणीतरी नवे लिहावे असे वाटे. आज सोसायटीच्या गणपतीपुढे मुले नाचतात ती दूरचित्रवाणीवर ऐकलेल्या गाण्यांवर. मुलांच्या पायांत ताल कमी नाही. उणीव आहे ती त्यांच्यासाठी नवे शब्द घेऊन बसलेल्या आबाची. असा कोणी आपल्याही गल्लीत असेल. कदाचित जिना उतरता येत नाही म्हणून आपल्याला तो दिसत नसेल. पुढच्या उत्सवाच्या वर्गणीला निघाल तेव्हा त्याचेही दार ठोठावून पाहा. वर्गणीऐवजी त्याच्याकडे एक पद मागा.