करवत हलकी करणारा श्टील

लांब दांड्याची विजेची करवत आता आपल्याकडच्या आंब्या-चिकूच्या बागांतही दिसू लागली आहे. शेंड्याची फांदी जमिनीवर उभं राहून छाटता येते, शिडी लागत नाही. पण पहिला हंगाम झकास चालणारी करवत दुसऱ्या हंगामात नुसती घरघरते आणि मग माळ्यावर जाऊन पडते. दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. साखळीच्या करवतीपायी अख्खं आयुष्य घालवलेल्या आंद्रेआस श्टील या इंजिनिअरची ही हकिगत त्यासाठीच.

श्टीलचा जन्म १८९६ चा, स्वित्झर्लंडमधल्या झुरिकचा. पहिल्या महायुद्धात तो लढला, पुढे इंजिनिअर झाला आणि १९२६ साली जर्मनीत श्टुटगार्टला त्याने स्वतःचा धंदा मांडला. सुरुवातीचं काम वाफेच्या बॉयलरच्या भट्ट्यांचं. त्या काळी लाकूडतोड म्हणजे करवतीची दोन टोकं दोघांनी धरून दिवसभर ओढायची. त्याच वर्षी श्टीलने साखळीची करवत बनवली आणि गंमत म्हणजे ती विजेवर चालणारी होती. वजन सुमारे ४८ किलो! धरायला दोन गडी लागत.

पण रानात वीज कुठली? म्हणून १९२९ मध्ये त्याने पेट्रोलची करवत काढली. (डोलमार या दुसऱ्या जर्मन कंपनीने ती दोन वर्षं आधीच काढली होती, तेव्हा सगळं श्रेय एकट्या श्टीलला देऊ नये.)

आज बागेत वीज पोचली तरी वायरचं दुखणं उरलंच आहे. बारीक, लांबलचक वायर जोडली की दाब कमी पडतो, मोटर तापते आणि थांबते. करवत सुरूच होत नसेल तर आधी प्लग, फ्यूज, वायर, बॅटरी पाहावी. मोटर खोलायची घाई नको.

दुसरं दुखणं तेलाचं. विजेच्या करवतीला तेल लागत नाही, असं समजणारे पुष्कळ भेटतात. अहो, तेल मोटरला नाही, साखळीला लागतं! ती पट्टीवर घासत पळते. कोरडी पळाली की दोन्ही झिजतात. टाकीत साखळीचं तेल भरावं, जळकं इंजिन ऑइल नको. चालू करवतीचं टोक पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरलं तर तेलाचे शिंतोडे दिसायला हवेत. न दिसले तर भोक भुशाने बुजलं म्हणून समजा. साखळीचा ताणही पाहावा, पण प्लग किंवा बॅटरी काढून, हातमोजे घालून. साखळी पट्टीला लागून असावी, तरी हाताने सरकावी.

श्टीलच्या आयुष्याला काळी बाजूही आहे. तो हिटलरच्या नाझी पक्षाचा आणि एसएसचा सदस्य होता. युद्धात त्याचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला आणि युद्धानंतर त्याला स्वतःला स्थानबद्ध व्हावं लागलं. यंत्राचं कौतुक करताना हे झाकून ठेवता येत नाही.

सुटून आल्यावर त्याने कारखाना पुन्हा उभा केला. १९५० मध्ये एका माणसाला पेलेल अशी करवत आली, १६ किलोची. त्याच सुमारास अमेरिकेत ऑरेगनमध्ये जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे न्याहाळून साखळीच्या दातांना नवं वळण दिलं. आपल्या करवतीचे दात त्याच घराण्यातले. म्हणूनच त्यांना कसली तरी कानस चालत नाही. दाताच्या मापाची गोल कानस लागते. ती आतून बाहेर, एकाच दिशेने आणि प्रत्येक दाताला सारख्याच वेळा मारायची. करवतीतून लाकडाच्या ढलप्या न पडता पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली. काप तिरका जात असेल तर एका बाजूचे दात जास्त घासले गेलेत, नाहीतर पट्टी झिजली आहे. पट्टी मधूनमधून उलटी करून बसवली तर झीज दोन्ही कडांना वाटली जाते.

जानेवारी १९७३ मध्ये श्टील वारला. दुरुस्ती करून देणाऱ्या दुकानदारामार्फतच माल विकायचा, ही त्याच्या कंपनीची रीत. आपणही करवत घेताना कानस, तेल आणि जोडसाखळी जवळपास मिळते का, हे आधी विचारावं.

त्याच्या ४८ किलोच्या धुडात नसलेला एक धोका मात्र या दांड्याच्या करवतीत आहे. ती विजेच्या तारांपर्यंत पोचते आणि तिचा दांडा झटका अडवत नाही. तारांजवळच्या फांदीला हात न लावता वायरमनला बोलवावं. बाकीच्या फांद्या छाटतानाही फांदीच्या बरोबर खाली उभं राहू नये.