लाळेचे थेंब मोजणारा शास्त्रज्ञ

पुढचा शब्द जरा मोठ्याने वाचा : चिंच. झाडावरून नुकतीच पाडलेली, आंबट, वर थोडे मीठ लावलेली चिंच.

तोंडात काय झाले? तुमच्या हातात चिंच नाही. ती तुम्हांला दिसत नाही, तिचा वासही येत नाही. तुम्ही फक्त एक शब्द वाचला आणि जिभेखाली पाणी जमा झाले. मराठीत याला ‘तोंडाला पाणी सुटणे’ म्हणतात. तुम्ही घरी ‘मुँह में पानी आना’ म्हणता. दोन्ही भाषांनी ही गोष्ट फार पूर्वीच टिपून ठेवली होती. पण असे का होते, याचा शोध घेण्यासाठी एका माणसाने आपल्या आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे खर्च केली. त्याचे नाव इव्हान पेत्रोविच पावलोव्ह. तो रशियातला होता.

त्याची हकिगत सांगण्यापूर्वी या पाण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. मराठीत त्याला लाळ म्हणतात, उर्दूत लुआब. कानांच्या पुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली लाळग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. त्यांतून दिवसभरात सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते. ती जवळजवळ सगळी पाणीच असते. पण उरलेला थोडासा भाग मोठे काम करतो. आपल्या सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी घ्या. ती इतकी कोरडी असते की लाळ नसती तर घशाखाली उतरलीच नसती. चटणी न लावता तिचा एक तुकडा दोन-तीन मिनिटे सावकाश चावत राहा. हळूहळू तो गोडसर लागू लागतो. भाकरीत साखर घातलेली नसते. लाळेतील एक विकर भाकरीतल्या पिष्टमय पदार्थाचे साखरेत रूपांतर करू लागते, म्हणून ही गोडी येते. पचनाची सुरुवात पोटात नव्हे, तोंडातच होते. लाळ दात धुते. अन्न लाळेत विरघळते, तेव्हाच जिभेला त्याची चव कळते.

आणि लाळेवाचून नीट बोलताही येत नाही. वर्गात कविता म्हणायला उभे राहिल्यावर भीतीने तोंड कोरडे पडते, जीभ टाळूला चिकटते आणि पाठ असलेले शब्दही अडखळतात. भीतीच्या वेळी लाळ खरोखरच कमी होते. खूप घाबरलेल्या माणसाविषयी मराठीत ‘तोंडचे पाणी पळाले’ असे म्हणतात, ते अगदी शब्दशः खरे आहे.

पावलोव्ह यांचा जन्म १८४९ साली मॉस्कोच्या आग्नेयेला असलेल्या र्‍याझान या गावी झाला. त्यांचे वडील चर्चमध्ये पाद्री होते. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत थोडी. लहानपणी इव्हान उंचावरून दगडी फरशीवर पडला. दुखापत मोठी होती. त्यामुळे त्याची शाळा अकराव्या वर्षी सुरू झाली. वडिलांप्रमाणे त्यालाही पाद्री व्हायचे होते आणि तो धार्मिक विद्यालयात शिकतही होता. पण तिथे असतानाच सेचेनोव्ह या रशियन शास्त्रज्ञाचे मेंदूच्या कार्याविषयीचे पुस्तक त्याच्या हाती पडले. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा अभ्यास करावा तसा मेंदूचाही अभ्यास करता येईल, असा त्या पुस्तकाचा रोख होता. १८७० साली इव्हानने ते विद्यालय सोडले आणि विज्ञान शिकण्यासाठी तो राजधानीच्या सेंट पीटर्सबर्ग शहरात आला. घरच्यांनी आखलेली वाट सोडणे त्या काळी सोपे नव्हते.

पुढची वीस वर्षे ओढाताणीची गेली. १८८१ साली त्यांनी सेराफिमा या तरुणीशी लग्न केले. ती शिक्षिका होण्यासाठी शिकत होती. घरभाड्याला पैसे नसत. पतिपत्नींना कधीकधी वेगवेगळे राहावे लागे. त्यांचे पहिले मूल लहानपणीच वारले. अशा दिवसांतली एक गोष्ट सांगतात. पावलोव्ह यांनी हृदयाच्या मज्जातंतूंवर व्याख्याने द्यावीत, असे निमित्त काढून मित्रांनी त्यांच्यासाठी पैसे गोळा केले. या पैशाने घरात चार दिवस चूल पेटेल, असा त्यांचा हेतू. पावलोव्ह यांनी त्या पैशांतून व्याख्यानासाठी प्राणी विकत आणले! सेराफिमाबाईंना काय वाटले असेल, याचा विचार तुम्हीच करा.

१८९० साली ते लष्करी वैद्यकीय अकादमीत प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी एका नव्या संशोधन संस्थेत त्यांना स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. तिथे त्यांनी पचनाचा अभ्यास केला. त्यापूर्वीचे शास्त्रज्ञ प्राण्याचे पोट फाडून घाईघाईने आत काय चालले आहे ते पाहत आणि प्राणी काही तासांत मरत असे. पावलोव्ह यांचे म्हणणे असे की मरणाऱ्या प्राण्याकडून निरोगी शरीराची माहिती कशी मिळणार? ते माणसांच्या रुग्णालयात असावी तितकी स्वच्छता ठेवून कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करीत, जखम पूर्ण भरू देत आणि मगच प्रयोग करीत. त्यांचा हात शस्त्रक्रियेत फार सफाईदार होता. एका प्रयोगात कुत्रा अन्न गिळत असे, पण ते पोटात न जाता गळ्याला केलेल्या छिद्रातून बाहेर पडत असे. पोटात घासभरही अन्न गेलेले नसताना जठरात पाचक रस मात्र भरपूर सुटत असे. म्हणजे जठराला अन्नाची वर्दी आधीच मिळत होती. ती मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत येत होती. या कामासाठी १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले रशियन होत.

दुसरा एखादा असता तर तिथेच थांबला असता. पावलोव्ह मात्र तोपर्यंत एका अडचणीत गुंतले होते आणि ती अडचण लाळेची होती.

लाळ किती सुटते हे मोजण्यासाठी त्यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्याच्या लाळनलिकेचे तोंड एका लहान शस्त्रक्रियेने गालाच्या बाहेर आणले जाई. लाळ तोंडात न जाता थेंबाथेंबाने बाहेरच्या नळीत पडे. कोरड्या पावाचा चुरा दिला की पुष्कळ लाळ येई, ओल्या मांसाला कमी. तोंडात वाळू घातली की ती धुऊन काढायला पातळ लाळ सुटे. पण गुळगुळीत खडे घातले तर जवळजवळ काहीच येत नसे, कारण खडे जिभेने सहज बाहेर ढकलता येतात. इथपर्यंत सगळे समजण्यासारखे होते. पण काही दिवसांनी कुत्रे अन्न तोंडात पडण्यापूर्वीच लाळ गाळू लागत. अन्नाचे भांडे दिसले, रोज खायला घालणाऱ्या माणसाची पावले वाजली, की थेंब सुरू! मोजमाप बिघडू लागले.

याचे कारण काय? त्यांच्या एका सहकाऱ्याचे मत पडले की कुत्रा विचार करतो, त्याला इच्छा होते, म्हणून लाळ येते. तुम्हांआम्हांलाही तसेच वाटेल. पण पावलोव्ह यांना ते पटेना. कुत्र्याच्या मनात काय आहे हे कोणी पाहिले? ते खरे की खोटे, हे ठरवायचे कसे? थेंब मात्र दिसतो आणि मोजता येतो. यावरून दोघांचे मतभेद झाले. पावलोव्ह यांनी ठरवले की कुत्र्याच्या मनाविषयी अंदाज बांधायचे नाहीत. बाहेर काय घडले आणि किती थेंब पडले, एवढेच लिहायचे.

मग त्यांनी मुद्दाम खुणा बनवल्या. टकटक आवाज करणारे मेट्रोनोम नावाचे यंत्र चालू करायचे आणि लगेच अन्न द्यायचे. असे अनेकदा केल्यावर नुसत्या टकटकीनेही लाळ येऊ लागली. कधी आवाजाऐवजी दिवा लावला, कधी कातडीला हलका स्पर्श केला. पावलोव्ह म्हटले की लोकांना घंटा आठवते. पण घंटेपेक्षा मेट्रोनोमसारखी साधनेच त्यांनी जास्त वापरली. ज्या आवाजाचा अन्नाशी मुळात काहीही संबंध नाही, तो शिकण्यामुळे अन्नाची खूण बनतो. जन्मतः नसलेल्या अशा प्रतिक्रियेला आपण मराठीत ‘अभिसंधित प्रतिक्षिप्त क्रिया’ म्हणतो. नाव अवघड आहे, गोष्ट रोजची आहे. रमजानमध्ये दस्तरखान अंथरले जाते, ताटल्यांचा आवाज होतो, आणि भजी अजून कढईत असतानाच तोंडाला पाणी सुटते. तेव्हा तुमच्या लाळग्रंथी हेच करीत असतात.

शिकलेली खूण पुसलीही जाते. मेट्रोनोम वाजवला पण अन्न दिले नाही, असे पुन्हापुन्हा केले तर लाळ कमी होत होत थांबते. मात्र काही वेळ विश्रांती दिली तर ती पुन्हा थोडी येते. म्हणजे खूण पूर्णपणे मिटलेली नसते, दबलेली असते.

१९१४ साली या प्रयोगशाळेत एक वेगळाच प्रयोग झाला. वर्तुळ दाखवले की अन्न, लंबवर्तुळ दाखवले की काही नाही, असे एका कुत्र्याला शिकवले गेले. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखे करीत नेले. शेवटी दोन्हींत फरक ओळखणे जवळजवळ अशक्य झाले. तेव्हा एरवी शांत असलेला तो कुत्रा ओरडू लागला, धडपडू लागला, नळ्या चावू लागला. पूर्वीचे सोपे फरकही त्याला ओळखता येईनात. पावलोव्ह यांना यातून मानसिक आजारांचा अभ्यास करण्याची दिशा मिळाली. पण त्या मुक्या जनावराने काय सोसले असेल! विज्ञानाला मिळालेल्या या ज्ञानाची किंमत अशा अनेक कुत्र्यांनी दिली आहे, हे पावलोव्ह यांचे चरित्र वाचताना विसरता येत नाही. आज प्राण्यांवर प्रयोग करण्यासाठी कडक नियम पाळावे लागतात. तेव्हा असे नियम नव्हते.

१९१७ साली रशियात क्रांती झाली. पुढची वर्षे उपासमारीची होती. नोबेलचे पैसे गेले, एक मुलगा वारला. प्रयोगशाळेतले कुत्रे भुकेने मरू लागले. सत्तरीच्या घरातले पावलोव्ह संस्थेच्या आवारात स्वतः भाजीपाला पिकवीत. देश सोडून जाण्याचा विचारही त्यांनी सरकारला कळवला. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ निघून जाणे नव्या सरकारला परवडणारे नव्हते. १९२१ साली लेनिन यांनी खास हुकूम काढून त्यांच्या कामाची आणि शिध्याची सोय केली. तरीही पावलोव्ह गप्प बसले नाहीत. सरकारच्या जुलमावर ते उघड टीका करीत. पाद्र्यांच्या मुलांना अकादमीतून काढून टाकले जाऊ लागले, तेव्हा आपणही पाद्र्याचेच पुत्र आहोत, असे सांगून त्यांनी तिथले प्राध्यापकपद सोडले.

१९२४ च्या सप्टेंबरमध्ये लेनिनग्राडला, म्हणजे त्याच सेंट पीटर्सबर्गला, मोठा पूर आला. पिंजऱ्यांत पाणी चढले. कर्मचाऱ्यांनी कुत्र्यांना पाण्यातून ओढून कसेबसे वाचवले. त्यानंतर असे दिसले की काही कुत्रे शिकलेल्या सगळ्या खुणा विसरले आहेत. त्या पुन्हा रुजायला बरेच दिवस लागले. पुढे त्यांच्यापैकी एकाच्या खोलीत दाराखालून थोडे पाणी सोडून पाहिले, तर त्याची पुन्हा तीच अवस्था झाली.

आता आपल्या चिंचेकडे वळू. म्हातारपणी पावलोव्ह यांचे लक्ष माणसाच्या भाषेकडे गेले. कुत्र्याला आवाज, प्रकाश, वास या खुणा पुरतात. माणसाजवळ त्याहून वेगळी एक व्यवस्था आहे : शब्द. आंबट चव ही वस्तूची खूण, आणि ‘चिंच’ हा शब्द त्या खुणेची खूण. पावलोव्ह यांनी भाषेला दुसरी संकेतव्यवस्था मानले आणि माणसाला इतर प्राण्यांपासून वेगळे करणारी गोष्ट हीच, असे त्यांचे मत होते. हे तपासायला तुम्हांला सोलापूरइतके चांगले गाव मिळणार नाही. तुमच्या घरी तिला इमली म्हणतात. शेजारच्या तेलुगू भाषिक विणकराच्या घरी ती चिंतपंडु असते, कन्नड बोलणाऱ्याच्या घरी हुणसेहण्णु. फळ एकच, आंबटपणा एकच. पण ‘हुणसेहण्णु’ हा शब्द ऐकून कानडी मित्राच्या तोंडाला पाणी सुटते आणि तुम्ही कोरडेच राहता, कारण तो आवाज अजून तुमच्यासाठी खूण बनलेला नाही. ‘चिंच’ हा मराठी शब्दही तुम्ही पहिल्यांदा ऐकला तेव्हा नुसता आवाजच होता. या पाठाच्या पहिल्या ओळीला तुमच्या जिभेखाली पाणी आले असेल, तर तो शब्द तुमचा झाला आहे. त्यासाठी परीक्षेतील गुणांची गरज नाही.

ऑगस्ट १९३५ मध्ये जगभरातील शरीरशास्त्रज्ञांची परिषद लेनिनग्राड आणि मॉस्को येथे भरली. पंच्याऐंशी वर्षांचे पावलोव्ह तिचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी त्यांच्या संस्थेच्या बागेत त्यांच्या इच्छेप्रमाणे एक स्मारक उभे राहिले. ते कोणा शास्त्रज्ञाचे नाही, कुत्र्याचे आहे. उंच चौथऱ्यावर एक कुत्रा शांत बसलेला आहे आणि खाली दगडात प्रयोगशाळेतील दृश्ये कोरली आहेत. पुढे २७ फेब्रुवारी १९३६ रोजी न्यूमोनियाने पावलोव्ह यांचे निधन झाले. सेंट पीटर्सबर्गमध्ये ते स्मारक आजही आहे. चौथऱ्याच्या वरच्या बाजूला कुत्र्यांची मुखे कोरली आहेत आणि त्या मुखांतून पाणी गळावे, अशी कारंज्याची रचना केलेली आहे.