स्वामी रामानंद तीर्थ

आपला परभणी जिल्हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे, हे वाचकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेच असेल. हा मुलूख मोकळा व्हावा म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्या स्वामी रामानंद तीर्थ यांचे चरित्र येथे थोडक्यात देत आहो.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म ता. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी झाला. असहकाराची हाक कानी येताच त्यांनी विद्यार्थिदशेतच सरकारी शाळा सोडली. पुढे मजुरांचे पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काही काळ काम करून १९२९ साली ते उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक झाले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला. संन्याशाने रानात जावे अशी लोकांची समजूत. हे संन्यासी मुलांच्या वर्गात राहिले. १९३५ साली ते अंबाजोगाईच्या शाळेत गेले.

संस्थानातील बहुसंख्य प्रजा मराठी, तेलुगू व कानडी बोलणारी, परंतु कारभार उर्दूत चाले. ‘गस्ती निशान ५३’ या फर्मानाप्रमाणे सरकारी परवानगीवाचून सभा भरविता येत नसे. अशा स्थितीत १९३७ साली, त्या वेळी परभणी जिल्ह्यात असलेल्या परतूर गावी, महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढील वर्षी स्टेट काँग्रेस निघणार तोच सरकारने तिजवर बंदी घातली. स्वामीजींनी सत्याग्रह करून कारावास पत्करला. ही बंदी १९४६ साली उठली.

ता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश आनंदात असता निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारले व स्वामीजींना पुन्हा अटक झाली. रझाकारांच्या जुलमामुळे अनेक कुटुंबे गाव सोडून सरहद्दीपार गेली. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेस निजाम शरण आला. परंतु त्यानंतर सूडापायी उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या भागांत पुष्कळ निरपराध मुसलमान मारले गेले, हेही विसरता कामा नये. एकाचा जुलूम संपला म्हणून दुसऱ्याचा जुलूम न्याय्य ठरत नाही.

आफ्रिका खंडातील गोल्ड कोस्टमध्येही क्वामे एन्क्रुमा नावाचा एक शिक्षक तुरुंगातून सुटून राष्ट्राचा पुढारी झाला. १९५७ साली तो देश घाना या नावाने स्वतंत्र झाला. पण १९६४ साली एन्क्रुमा तहहयात अध्यक्ष बनले आणि १९६६ साली सैन्याने त्यांस पदच्युत केले. राज्य मिळविणे कठीण खरे, पण मिळाल्यावर हात आवरणे त्याहून कठीण. स्वामीजी लोकसभेत निवडून गेले, पण मंत्रिपदाच्या मागे लागले नाहीत. ज्या संस्थानासाठी ते झगडले, त्याचीच भाषावार वाटणी व्हावी असा आग्रह त्यांनी धरला. ती १९५६ साली होऊन परभणी जिल्हा मुंबई राज्यात आला.

ता. २२ जानेवारी १९७२ रोजी स्वामीजींचे देहावसान झाले. नांदेड येथील विद्यापीठास त्यांचे नाव आहे. खेड्यात चार मुलांना अक्षरे शिकविणाऱ्या बंधुभगिनींनी आपले काम क्षुल्लक मानू नये. मराठवाड्याच्या मुक्तीचा मार्ग अशाच एका शाळेतून गेला.