बाहेरून आले अन् मराठवाड्याचे झाले : स्वामी रामानंद तीर्थ

जालना : 17 सप्टेंबर आला की गावोगावच्या शाळांत झेंडा लागतो आणि स्वामी रामानंद तीर्थ यांचा फोटो पुसून टेबलावर ठेवला जातो. हार घातला, भाषण झालं, की पोरं घरी. पण एक गोष्ट पोरांना सहसा कुणी सांगत नाही. ज्यांना मराठवाडा आपला नेता मानतो, ते जन्माने इथले नव्हतेच. निजामाच्या राज्यात अशा माणसाला गैरमुल्की म्हणत. म्हणजे बाहेरचा.

स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म 3 ऑक्टोबर 1903 चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. तो मुलूख इंग्रजांकडे होता. सोलापुरात शिकत असताना असहकाराच्या चळवळीत त्यांनी सरकारी शाळा सोडली. पुढे टिळक विद्यापीठात शिक्षण घेतलं, कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलं. नंतर ते निजामाच्या हद्दीत आले आणि उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तर झाले. तिथेच संन्यास घेतला. पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले.

मुल्की कोण, गैरमुल्की कोण?

हैदराबाद संस्थानात तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू अशा भाषा बोलणारी माणसं राहत. सगळी निजामाची रयत. मत देऊन सरकार निवडण्याचा हक्क कुणालाच नव्हता. नोकरीसाठी मात्र मुल्की असल्याचा पुरावा लागे. 1919 च्या फर्मानानुसार बाहेरून आलेल्याला मुल्की ठरायला 15 वर्षांचा रहिवास दाखवावा लागे. उत्तरेतून आलेले अधिकारी मोठ्या जागा अडवतात, ही स्थानिकांची तक्रार जुनीच होती. ती खोटीही नव्हती. पण त्यातून एक हत्यारही तयार झालं. कुणी हक्क मागितला की हे बाहेरच्यांचं कारस्थान, असं सरकारला म्हणता येई.

आपल्या जिल्ह्याचा धागा इथे जुळतो. 1937 मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष होते गोविंदराव नानल. या परिषदेच्या कामातून स्वामीजी राजकारणात उतरले. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. संघटना जातीय आहे, बाहेरच्यांशी बांधलेली आहे, असा ठपका ठेवला. स्वामीजी सत्याग्रह करून तुरुंगात गेले. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभेचेही सत्याग्रह चालू होते. आपला लढा एका धर्माचा वाटू नये, म्हणून काँग्रेसने त्या डिसेंबरात सत्याग्रह थांबवला. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानियातून विद्यार्थी काढले गेले. त्यांतल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केलं. पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच.

1946 मध्ये बंदी उठली. 1947 मध्ये स्वामीजी स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि भारतात विलीन व्हा, ही मागणी घेऊन पुन्हा तुरुंगात गेले. बाहेर रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. घरं सोडून माणसं हद्दीपलीकडे गेली. जालन्याला तर हद्द लागूनच, पलीकडे बुलडाणा. विलीनीकरणाची बाजू घेणाऱ्या शोएबुल्ला खान या पत्रकाराचा ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत खून झाला. म्हणजे हा लढा धर्माधर्मांतला नव्हता. पण 17 सप्टेंबरनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा भागांत निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. पंडित सुंदरलाल समितीने मेलेल्यांचा आकडा किमान 27 हजार ते 40 हजार धरला. तो अहवाल कित्येक दशकं दडवून ठेवला गेला. मुक्तीच्या भाषणात हे पान वगळलं जातं.

रयत झाली नागरिक

1952 च्या निवडणुकीत या मुलखातल्या माणसाने पहिल्यांदा देशाचा नागरिक म्हणून मत दिलं. स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले, 1957 ला औरंगाबादेतून. कन्नड भागानेही निवडून दिलं अन् मराठी भागानेही. मुल्कीचा प्रश्न मात्र मेला नव्हता. 1952 मध्येच हैदराबाद शहरात गैरमुल्कींविरुद्ध आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं गेली.

संस्थानाचे भाषेनुसार तीन भाग करा, असा स्वामीजींचा आग्रह होता. 1 नोव्हेंबर 1956 ला तसं झालं. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्यांचं सिंदगी म्हैसूर राज्यात गेलं. 22 जानेवारी 1972 ला ते वारले. समाधी हैदराबादेत बेगमपेटला आहे. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

आज जालन्याच्या स्टील कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारची पोरं भट्टीपुढे उभी राहतात. अंबड, घनसावंगी, परतूरच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं कोयता घेऊन परमुलखात ऊस तोडायला जातात. इथला मुल्की तिथे गैरमुल्की ठरतो. स्वामीजींच्या फोटोला हार घालताना एवढं ध्यानात राहिलं, तरी त्या दिवसाचं चीज झालं म्हणायचं.