आईच्या हाती आलेली पाटी : पार्वतीबाई आठवले

स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला की महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव प्रथम ओठांवर येते आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगावी झोळी घेऊन फिरणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांचे स्मरण आपण क्वचितच करतो.

पार्वतीबाईंचा जन्म १८७० साली कोकणातील देवरुख येथे जोशी घराण्यात झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे बालपणीच विवाह झाला. शाळेचे तोंड पाहण्याचा प्रश्नच नव्हता. विशीतच वैधव्य आले. पदरी एक लहान मुलगा. केशवपन झाले, अंगावर अलवण आले. (आमच्या इतवारीच्या कापडबाजारात अलवण मागणारे गिऱ्हाईक आज उरलेले नाही, तरुण गुमास्त्यांना तर तो शब्दही ठाऊक नाही. नाहीशी झाली याचा आनंद वाटावा अशी काही कापडेही असतात.) माहेरच्या स्वयंपाकघरात राबणे आणि व्रतवैकल्ये करणे, एवढेच पुढील आयुष्य त्यांच्यासमोर होते.

त्यांची थोरली बहीण गोदूबाई हीदेखील बालविधवा. मुंबईस असलेले बंधू नरहरपंत यांनी तिला १८८९ साली पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात घातले. तेथील ती पहिली विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली तिचा प्रा. कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि समाजाने बहिष्काराचे शस्त्र उगारले. अशा बदनाम ठरलेल्या घरी जाऊन शिकायचे, हा निर्णय सनातनी वळणाच्या पार्वतीबाईंसाठी किती कठीण असेल याची कल्पना करावी. तरीही वयाच्या सव्विसाव्या वर्षी, मुलाला घेऊन, त्या पुण्यास आल्या. बहीण व मेहुणे यांच्या आधारावर त्यांचे शिक्षण सुरू झाले. शिष्यवृत्ती हा शब्द कोणी उच्चारला नसेल. पण शिकणाऱ्याच्या राहण्या-जेवण्याची विवंचना दुसऱ्याने आपल्या शिरावर घेणे, यालाच तर शिष्यवृत्ती म्हणावयाचे! ज्या वयात आई मुलाचा अभ्यास घेते, त्या वयात ही आई स्वतः धुळाक्षरे गिरवीत होती.

१८९६ सालीच कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सहा एकर जागा व साडेसातशे रुपये दिले आणि १९०० साली प्लेगच्या दिवसांत आश्रम तेथील झोपडीत गेला. शिक्षण घेऊन पार्वतीबाई याच आश्रमाच्या कामात उतरल्या. मुलींची देखभाल, कोठीचा हिशेब आणि पुढे निधिसंकलनासाठी देशभर भ्रमंती, ही कामे त्यांनी वर्षानुवर्षे केली. अनोळखी शहरात उतरावे, सभेत उभे राहून बोलावे, दारोदार जाऊन आणा-रुपया मागावा. वर्गणी गोळा करण्यासाठी जो कधी फिरला आहे, त्यालाच यातील कष्ट कळतील.

पुनर्विवाहाच्या कार्याला त्यांनी साथ दिली, स्वतः मात्र तो मार्ग स्वीकारला नाही. केशवपनाची चाल त्यांनी १९१२ साली सोडली. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी उचललेल्या या पावलावर टीका झाली, ती त्यांनी सोसली.

सर्वांत मोठे धाडस पुढेच होते. इंग्रजीवाचून काम अडते, हे ध्यानी आल्यावर १९१८ साली, अठ्ठेचाळीस वर्षांच्या असताना, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथे परक्या घरी घरकाम करून त्यांनी उदरनिर्वाह केला, भाषा आत्मसात केली आणि तेथील संस्था पाहून १९२० साली त्या परतल्या. त्याच वर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठास मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी जाहीर केली. ते आम्हा कापडवाल्यांच्याच व्यवसायातील, याचा अभिमान वाटतो. मात्र त्या पंधरा लाखांच्या आधी झोळीतील आणे होते, हेही विसरता येत नाही.

आपल्या समाजातही याच सुमारास सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या विधवा कन्या मगनबाई, स्वतः एका मुलीची माता, वडिलांच्या पाठबळावर शिकल्या आणि मुंबईच्या श्राविकाश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या. दोन्ही ठिकाणी घरातील एक माणूस ठाम उभा राहिला, तेव्हाच वाट निघाली. आज अनेक न्यासांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांवर वयाची अट असते. त्या अटीत सव्विसाव्या वर्षी आलेल्या पार्वतीबाई बसल्या असत्या का, हा प्रश्न विश्वस्त म्हणून बसणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा असे मला वाटते.

पार्वतीबाईंनी १९२८ साली ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. जस्टिन अॅबट यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९३० साली निघाला. मुलगा नारायण शिकून पुढे हिंगण्याच्याच संस्थेच्या कार्यात आला. १९५५ साली, वयाच्या पंच्याऐंशीच्या घरात, पार्वतीबाईंचे निधन झाले.